बंदुकीचं मागचं टोक

बंदुकीला दोन टोकं असतात आणि चाप ओढला की ती दोन्ही टोकांनी मारते. पुढच्या टोकाविषयी अमेरिकेत आजवर इतकं छापून झालं आहे की तेवढ्या कागदासाठी तोडलेल्या रानात हरणांची अख्खी पिढी सुखाने राहिली असती. मागच्या टोकाविषयी मात्र पुरुषमंडळी तोंड उघडत नाहीत, कारण ते टोक त्यांच्याच खांद्यावर असतं आणि खांदा दुखला हे चारचौघांत कबूल करणं त्यांच्या कुळाचारात बसत नाही. हा लेख त्या दुर्लक्षित टोकाची वकिली करणारा आहे. हरणासाठी रायफल आणि काडतूस निवडताना ‘हरणाला किती लागेल’ याच्याआधी ‘मला किती लागेल’ हे विचारावं, एवढंच माझं म्हणणं. ऐकायला ते भित्र्या माणसाचं वाटतं, पण हिशेब मांडला की हरणालाही तेच सोयीचं ठरतं. म्हणजे मरायचंच असेल तर.

आपल्याकडे शिकार म्हटलं की मेलेल्या वाघावर बूट ठेवून उभा राहिलेला संस्थानिक डोळ्यांपुढे येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते दुकान बंद झालं ते बरंच झालं. आता परवान्याची बंदूक दिसते ती कोकणात-गोव्यात शेतीसंरक्षणाच्या नावाने, बागायतदाराच्या माळ्यावर. अमेरिकेत हा सगळा पगारदार माणसाचा मामला आहे. मिशिगनमध्ये बंदुकीच्या हंगामाचा मुहूर्त १५ नोव्हेंबर, मग वार कुठलाही असो. पेनसिल्व्हेनियात २०१८ पर्यंत थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हंगाम उघडायचा आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी शाळा त्या दिवशी चक्क बंद असायच्या, कारण पोरं रानात आणि मास्तरही रानात. २०१९ पासून तो शनिवारी आणला. विस्कॉन्सिनचा हंगाम बरोबर नऊ दिवसांचा, घट तेवढे बसत नाहीत. देशभर वर्षाला पांढऱ्या शेपटीची सुमारे साठ लाख हरणं मारली जातात. तेव्हा रायफल कुठली घ्यावी हा तिथे फ्रिज कुठला घ्यावा याच पातळीवरचा घरगुती प्रश्न आहे, आणि फ्रिज घेताना जी अक्कल वापरली जाते ती इथेही वापरायला हरकत नसावी.

पण दुकानाच्या काउंटरवर ती वापरली जात नाही. गिऱ्हाईक चाळिशीचं, वर्षातून एक आठवडा रानात जाणारं आणि उरलेला काळ खुर्चीत बसणारं. त्याला हवं असतं एक हरीण. हरीण म्हणजे साठ-सत्तर किलोंपासून फार तर सव्वाशे-दीडशे किलोंपर्यंतचं जनावर. ना गेंड्याचं कातडं, ना हत्तीची कवटी. काळीज आणि फुप्फुसं मिळून गोळी जिथे बसायला हवी ती जागा साधारण आठ इंच व्यासाची. पूर्वेकडच्या दाट रानात बहुतेक बार शंभर यार्डांच्या आतले असतात. एवढ्या कामाला सरकारही फार काही मागत नाही: कोलोरॅडोच्या नियमात हरणासाठी कॅलिबर, म्हणजे गोळीचा व्यास, निदान .२४ इंच आणि शंभर यार्डांवर गोळीत निदान हजार फूट-पाउंड ऊर्जा असली की झालं. दुकानदाराच्या मागच्या फळीवर यात बसणारी काडतुसं ओळीने मांडलेली असतात. १९५५ चं .२४३ विंचेस्टर, जे शंभर यार्डांवर सोळाशेच्या आसपास ऊर्जा बाळगून असतं. १९८० चं ७ एमएम-०८ रेमिंग्टन. २००७ चं ६.५ क्रीडमूर, आणि १८९५ पासून खपत आलेले .३०-३० आजोबा, ज्यांनी किती हरणं पाडली याचा हिशेब चित्रगुप्तालाही ठेवता आला नसेल. गिऱ्हाईकाची नजर या सगळ्यांवरून घसरत जाते आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमवर येऊन थांबते. मिसळीच्या हॉटेलात ‘झणझणीत’ मागवून, डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि कानांतून वाफ येत असताना ‘काही तिखट नाही हो’ म्हणणारा जो गृहस्थ असतो, तो अमेरिकेत जन्मला असता तर त्याने हेच काडतूस घेतलं असतं.

फरक एवढाच, की मिसळीचा त्रास दुसऱ्या दिवशी सकाळी संपतो. बंदुकीचा संपत नाही, कारण तिथे न्यूटन आडवा येतो. शाळेत क्रियाबल-प्रतिक्रियाबल आपण बंदुकीच्याच उदाहरणावर पाठ करतो आणि पेपर देऊन विसरतो. .३०८ विंचेस्टरची जेमतेम दहा ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेआठशे मीटरच्या वर वेगाने पुढे जाते, तिच्या मागोमाग जळलेल्या बारुदाचा वायू धावतो, आणि या दोघांची भरपाई म्हणून साडेतीन किलोंची रायफल सेकंदाला साधारण साडेतीन मीटर वेगाने मागे येते. मागे म्हणजे तुमच्याकडे. हा धक्का मोजायचं माप तेच, फूट-पाउंड: एक पाउंडाचं वजन एक फूट उचलायला लागते तेवढी ऊर्जा. साडेतीन किलोंच्या रायफलीत .२४३ चा धक्का नऊ-दहा भरतो, .३०-३० चा दहा-अकरा, ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम-०८ चा बारा-तेरा, .३०८ चा सोळा-सतरा, .३०-०६ चा वीसच्या आसपास. .३०० मॅग्नमचा पंचविसाच्या पुढे जातो आणि .३३८ मॅग्नमचा तिशी ओलांडतो. जाणकारांचा ठोकताळा असा, की अधूनमधून बंदूक हाती धरणाऱ्याला पंधरापर्यंत निभावतं आणि वीसनंतर बहुतेकांचं बिघडायला लागतं. आता .३०८ सोडून .३०० मॅग्नम घेतल्यावर पदरात काय पडतं ते बघा. बारूद जवळजवळ दीडपट जळते, धक्का दीडपटीच्या वर जातो, आणि तेवढ्याच वजनाच्या गोळीचा वेग वाढतो जेमतेम आठव्या हिश्श्याने. असलं व्याज सावकारही लावत नाही.

यावर गिऱ्हाईक म्हणतं, सोसतो की मी धक्का, माझा खांदा आहे. सोसतो हे खरं. पण प्रश्न खांद्याचा नाहीच. बारूद पेटल्यापासून गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत सेकंदाचा एक-दीड हजारांश भाग जातो, आणि तेवढ्यात रायफल मागे सरकते ती फार तर दोन-तीन मिलिमीटर. खांद्याला बातमी पोचेपर्यंत गोळी आपल्या वाटेला लागलेली असते. म्हणजे धक्क्याने नेम चुकत नाही. तो येणार म्हणून आधीच अंग चोरल्याने चुकतो. आणि हे चोरणारं अंग मालकाचं ऐकत नाही. नेमबाजी शिकवणाऱ्यांकडे याची एक जुनी आणि दुष्ट परीक्षा आहे. शिकणाऱ्याच्या नकळत रायफलीत कधी खरं, कधी खोटं काडतूस भरून द्यायचं. दोन-तीन खरे बार होतात, लक्ष्यावरची भोकं इकडेतिकडे पांगतात, आणि साहेब वाऱ्याला दोष देतात. मग खोट्याची पाळी येते. बोट चापावर सरकतं, गाल दस्त्यावरून किंचित उचलला जातो, पापणी घट्ट मिटते, उजवा खांदा आपणहून पुढे येऊन दस्त्याला ढुशी देतो, नळीचं तोंड झटकन खाली जातं, आणि या सगळ्या युद्धाच्या अखेरीस आवाज येतो फक्त ‘खट्’. बार नाही, धूर नाही, धक्का तर नाहीच. आणि तरी रायफल वीतभर हललेली सगळ्यांनी पाहिलेली असते. त्या क्षणी वारा पडलेला असतो, हे सांगायला नको.

मॅग्नमवाल्यांच्या भुवईवरची खूण हा याचाच पुढचा अध्याय. दुर्बिणीच्या मागच्या काचेपासून डोळा साडेतीन-चार इंचांवर ठेवायचा असतो. हलक्या काडतुसाला हे अंतर पुरून उरतं. जड काडतुसाच्या रायफलीला चढावरून किंवा वेड्यावाकड्या बैठकीतून बार काढला, की दुर्बिणीची धातूची कड भुवईवर अर्धचंद्र कोरून जाते. रक्त भळभळतं, टाके पडतात, आणि नंतर वर्षभर आरशात तो चंद्र दिसत राहतो. पुढच्या वेळी चाप ओढताना डोळा तो चंद्र विसरेल अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

हे सगळं ठीक, पण हलक्या काडतुसाने हरीण पडतं का? याला पुरावा हवा आणि तो आहे. दक्षिण कॅरोलायना राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्यातल्या जीवशास्त्रज्ञांनी एका खाजगी शिकार क्लबात मारलेल्या ४९३ हरणांची बारीक नोंद ठेवली. कुठल्या कॅलिबरने मारलं, गोळी कुठे बसली, हरीण किती पळालं, शोधायला कुत्रा लागला का, सगळं. .२४३ पासून .३० पर्यंतच्या कॅलिबरांची तुलना करून निघालं काय, तर कॅलिबरने लक्षात घेण्याजोगा फरकच पडला नाही. फरक पडला तो गोळी बसली कुठे याने. खांद्यात गोळी बसलेली हरणं बहुतेक जागच्या जागी कोसळली. बाकीची थोडीफार पळाली, मग मारणारं काडतूस कितीही मोठ्या बापाचं असो. गोळीच्या जातीनेही काही फरक पडला: आत शिरल्यावर चटकन फुलणारी मऊ गोळी हरणासाठी जास्त कामाची ठरली, आणि मोठ्या जनावरांसाठी बनवलेली महागडी टणक गोळी उलट कमी. या नोंदी वाचून किती जणांनी आपलं मॅग्नम विकलं याचा आकडा मात्र त्यात नाही.

स्वीडनमध्ये तर हा वाद शंभर वर्षांपूर्वीच मिटायला हवा होता. तिथलं ६.५×५५ हे लष्करी काडतूस १८९४ पासूनचं, धक्क्याला सौम्य म्हणून ओळखलं जाणारं. तिथली माणसं त्याने हरणं मारतात हे सोडाच, मूस मारतात. नर मूस चारशे-पाचशे किलोंना सहज जातो, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या चार-पाच हरणांचं एकत्रित वजन. स्वीडिश शिकाऱ्याला परवान्याआधी परीक्षा द्यावी लागते आणि तीत नेम दाखवावा लागतो. कदाचित त्यामुळेच त्याला काडतुसाकडून फारशा चमत्काराची अपेक्षा नसते. आपल्या ओळखीचं उदाहरण हवं असेल तर जिम कॉर्बेट आहे. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरने त्याला रायफल भेट दिली ती .२७५ रिग्बी, म्हणजे ७×५७ माउझर या जर्मन काडतुसाचं लंडनच्या दुकानातलं बारशाचं नाव. तिचा धक्का आजच्या ७ एमएम-०८ च्याच घरातला. ती पुढे वर्षानुवर्षं त्याच्या सोबत राहिली. कॉर्बेटकडे .४५०/४०० ची जड दुनळीही होती आणि प्रसंगी तो ती नेत असे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण कुमाऊँच्या डोंगरात दिवसेंदिवस पायपीट करणाऱ्या आणि एका बारावर जीव टांगलेल्या माणसाला जे काडतूस पुरलं, ते पेनसिल्व्हेनियातल्या मचाणावर थर्मासमधली कॉफी पीत बसलेल्या विमा एजंटाला का पुरत नाही, हे कळत नाही. याच ७×५७ ने डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश माणसाने आफ्रिकेत शेकडो हत्ती पाडले. हत्तीचं डोकं करवतीने कापून मेंदू नेमका कुठे असतो ते त्याने आधी पाहून घेतलं होतं. त्याचा कित्ता कुणी गिरवू नये. हत्तीला ७ एमएम हे वेडं साहसच. पण करवतीचा खर्च मॅग्नमपेक्षा कमी येतो हे त्यातून दिसतं.

मॅग्नमच्या वकिलांचा सर्वांत वजनदार मुद्दा असा: रानात माणूस चुकतो, हरीण हलतं, हात थरथरतात, अशा वेळी जादा ताकद चूक सांभाळून घेते. ऐकायला हे अगदी जबाबदार वाटतं. पण पोटात बसलेली गोळी .२४३ ची असो की .३०० ची, हरीण तासन्‌तास तडफडतं आणि शिकारी कंदील घेऊन रात्रभर झुडपं धुंडाळतो. कॅलिबरने फरक पडत नाही हे ४९३ हरणांच्या नोंदीही सांगतात. आणि मुळात चूक येते कुठून? अंग चोरण्यातून. ते शिकवतं कोण? जड काडतूस. म्हणजे चुकीची भरपाई म्हणून जे विकत घ्यायचं तेच चूक घडवणार. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी हे तरी बरं, इथे बंबातच रॉकेल भरलेलं. अंग चोरण्याची किंमत शिकारी भरत असता तर मी हा लेख लिहिलाच नसता, ज्याचा खांदा त्याची मर्जी. ती भरतं मागचा पाय ओढत रानात शिरलेलं जनावर, म्हणून यात नाक खुपसायचा हक्क बाहेरच्यालाही पोचतो.

दुसरा मुद्दा जरा चलाख आहे. शिकारी सांगतात, प्रत्यक्ष हरीण समोर आलं की धक्का जाणवतच नाही. बार झाल्याचा आवाजसुद्धा कानावर येत नाही. हे खरं आहे. अंगात अशी काही लहर चढलेली असते की त्या वेळी खांद्यावर घण घातला तरी कळणार नाही. पण जाणवणं आणि शिकलेलं असणं यांत फरक आहे. पापणी मिटायची सवय लागते ऑक्टोबरात, नेमबाजीच्या मैदानावरच्या बाकावर, लहर नसताना, वीस काडतुसांच्या पेटीतलं अकरावं-बारावं काडतूस उडवताना. नोव्हेंबरात मन हरणावर असतं, धक्का विसरलेलं असतं. बोट आणि पापणी विसरलेली नसतात. शिवाय ज्याला धक्का नकोसा होतो तो ऑक्टोबरात मैदानावर जाणंच टाळतो. तीन बार काढतो, दोन बरे लागले की ‘नेम बसला’ म्हणून रायफल पेटीत घालतो. .२४३ किंवा क्रीडमूरवाला त्याच दुपारी हसतखेळत चाळीस बार काढून घरी जातो. वर्षाकाठी त्या दोघांच्या हातात जो फरक पडतो तो कुठल्याच काडतुसाच्या पेटीवर छापलेला नसतो.

मग येतो वाडवडिलांचा मुद्दा. आजोबांनी .३०-०६ ने हरणं मारली, वडिलांनी मारली, आम्हीच काय कागदाचे? आजोबांची रायफल बहुधा लष्कराकडून आलेली, चार किलोंच्या आसपासची असे, हे नातू विसरतो. त्याची स्वतःची असते पावणेतीन किलोंची. आणि .३०-०६ तरी एवढं अटळ होतं का? १९०६ साली अमेरिकी सैन्याने ते घेतलं हे खरं. पण १९२८ मध्ये त्याच सैन्याने लहान कॅलिबर चालेल का हे पाहायला एक मंडळ नेमलं. भूल दिलेल्या डुकरांवर गोळ्या झाडून त्यांनी जखमा तपासल्या, म्हणून त्याला लोक ‘डुक्कर मंडळ’ म्हणू लागले. त्याच्यामागून बकऱ्यांवर तपासणी करणारं ‘बकरा मंडळ’ही आलं. गंभीर चेहऱ्याच्या अधिकाऱ्यांच्या मंडळाला असं नाव पडावं, हा लोकशाहीतला उत्तम प्रकार. तर डुकरांनी निकाल लहान कॅलिबरच्या बाजूने दिला. साधारण ७ एमएमचं .२७६ पेडरसन हे काडतूस पसंत झालं, रचनाकार गारंडची नवी रायफलही त्याच्यासाठी तयार झाली, दहा काडतुसं मावतील अशी. १९३२ मध्ये लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी ते फेटाळलं, कारण कोठारं .३०-०६ च्या साठ्याने भरलेली होती. गारंडमध्ये दहाची आठ झाली आणि आजोबांच्या खांद्याचं भवितव्य गोदामाच्या हिशेबावर ठरलं. घराण्याची परंपरा म्हणतात ती कधीकधी अशी जुना स्टॉक संपवण्यातून सुरू होते.

धक्का कमी करायचे कारखानदारी उपाय पुष्कळ आहेत आणि ते वाचताना मजा येते. नळीच्या तोंडावर भोकं पाडलेला ब्रेक लावला तर धक्का खरोखर उतरतो. पण वायू बाजूंनी मागे फेकला जातो आणि आधीच कान फाडणारा आवाज शेजारच्याच्या कानात घुसतो. शिकाऱ्याचा खांदा वाचतो, मित्राचा कान जातो आणि पुढच्या वर्षी मित्रही. आवाज दाबणारी नळी लावली तर धक्का आणि आवाज दोन्ही उतरतात, हा त्यातला शहाणा उपाय. पण १९३४ च्या कायद्याने तिच्यावर दोनशे डॉलरचा कर बसवला आणि तो २०२५ संपेपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहिला, शिवाय कागदपत्रांची वारी वेगळी. वजन हा फुकटचा उपाय, कारण रायफल जेवढी जड तेवढी ती हळू मागे येते. पण जाहिराती हलक्या रायफलींच्याच. शिकारी कमरेवरचे पंधरा किलो तसेच ठेवतो आणि रायफलीतला एक किलो कमी करायला पाचशे डॉलर जादा मोजतो, मग ती हलकी रायफल मॅग्नमच्या धक्क्याने पिसाळते तेव्हा तिच्यावर ब्रेक बसवून वजन परत वाढवतो. सगळ्यांवर कडी म्हणजे सौम्य भरणीची काडतुसं. रेमिंग्टनने मॅग्नम रायफलींसाठीसुद्धा अशी धक्का उतरवलेली काडतुसं बाजारात आणली. माणूस आधी पैसे देऊन ताकद विकत घेतो, नंतर आणखी पैसे देऊन ती काढून टाकतो, आणि शेवटी त्याच्या हातात जे उरतं ते मुळात फळीवर निम्म्या किमतीत पडलेलं ७ एमएम-०८ असतं. नाकापेक्षा मोती जड झाला की सोनाराकडे जावं, शल्यविशारदाकडे नाक मोठं करून घ्यायला जाऊ नये.

‘पण पुढेमागे एल्क मारायला पश्चिमेकडे जायचं झालं तर?’ हा प्रश्न काउंटरवर हमखास येतो. पुढेमागे अलास्काही निघतं. एल्क तीनशे किलोंचा असतो, रॉकी पर्वतात असतो आणि त्यासाठी आठवड्याची रजा, वाटाड्या आणि बायकोची संमती लागते. तिन्ही जमल्यावर रायफल त्या वेळी घेता येईल. न होणाऱ्या प्रवासाचं सामान दर नोव्हेंबरात खांद्यावर कशाला? मला एकच अपवाद मान्य आहे आणि योगायोगाने तो आपल्या गावचा निघतो. विदर्भातला शेतकरी ज्याला रोही म्हणतो, ज्याच्यापायी तूर-हरभऱ्याची रात्रभर राखण करतो, ती नीलगाय गेल्या शतकात दक्षिण टेक्सासच्या मोठ्या रँचवर नेली गेली आणि तिथे मजेत फोफावली. तिची चिवट कातडी आणि गोळी खाऊनही धावत सुटण्याची हट्टी चाल पाहून टेक्सासकर मंडळी तिच्यासाठी जड काडतूस सुचवतात, आणि रोही पाहिलेला कुठलाही वऱ्हाडी त्याला मान डोलावील. पण १९३२ पासून टेक्सासच्या डोंगराळ भागात स्थायिक झालेलं आपलं चितळ तसं नाही. ते परदेशी जनावर म्हणून तिथे बारमाही मारता येतं. पेंचला जिप्सीत बसून ज्याचा फोटो काढायला नागपूरकर हजारो रुपये मोजतो, ते तिथे .२४३ ला निमूटपणे पडतं.

राहता राहिला सर्वांत खरा आणि कुणीही तोंडाने न काढणारा आक्षेप: लोक काय म्हणतील. .२४३ हे ‘बायकापोरांचं काडतूस’ म्हणून कुप्रसिद्ध आहे. दुकानात बाई आली की तिला विचारायच्या आधी ते पुढे केलं जातं, कधी गुलाबी दस्त्यासकट. यात दुकानदार बाईला कमी लेखतो आणि नकळत तिच्यावर उपकार करतो. याचा दाखला एका बंदूक-लेखकाच्याच घरात सापडतो. ‘आउटडोअर लाइफ’ मासिकात वर्षानुवर्षं बंदुकांवर लिहिणारा जॅक ओकॉनर आयुष्यभर .२७० ची आरती ओवाळत राहिला आणि आयडाहोतला एल्मर कीथ जाड-जड गोळ्यांचा झेंडा घेऊन त्याच्यावर तुटून पडत राहिला. दोन दिग्गजांच्या या भांडणावर मासिकांची कित्येक वर्षं निघाली. दरम्यान ओकॉनरची बायको एलेनॉर हिने ७×५७ उचलली आणि बाचाबाचीत न पडता वेगवेगळ्या खंडांत जनावरं पाडत फिरली. लेखन तिने केलं नाही, म्हणून पंथही निघाला नाही.

तेव्हा ज्याला विकत घ्यायचंच आहे त्याने सव्वातीन-साडेतीन किलोंची, मापाच्या दस्त्याची, मागे जाड रबराची गादी असलेली रायफल घ्यावी आणि तिच्यात ७ एमएम-०८ किंवा ६.५ क्रीडमूर. अंग लहान असेल, सवय नसेल, तर .२४३, चांगल्या गोळीसह. मॅग्नमच्या किमतीतून जे वाचेल त्याची काडतुसं घ्यावीत आणि उन्हाळ्यात उडवावीत. पुरुषाला हे दुकानात स्वतःच्या नावाने मागायचा संकोच वाटत असेल तर अमेरिकी संसारांनी त्यावर तोडगा केव्हाच काढलेला आहे. हलकी रायफल ‘मिसेससाठी’ म्हणून घ्यायची. घरी नेल्यावर दुर्बीण नीट बसली आहे का ते पाहायला मैदानावर न्यायची. मग थंडीत तिचं कुलूप अडकत नाही ना ते तपासायला हंगामाच्या पहिल्या दिवशी रानात. मिसेसला ती बहुधा फेब्रुवारीपर्यंत दिसत नाही, आणि फ्रीझरमध्ये हरणाचं मटण असल्यामुळे ती विचारतही नाही.